फेरी येईपर्यंत

ओहोटी होती. फेरी पलीकडे अडकलेली,
दिवाडीच्या काठाला, नाक चिखलात खुपसून.
अर्धा तास, म्हणाला धक्क्यावरचा माणूस,
आणि धक्क्यावरचा अर्धा तास केवढा होऊ शकतो
हे नार्व्यात कुत्र्यांनाही ठाऊक.

आम्ही नऊ जण आणि एक टेम्पो,
चिऱ्यांच्या खाणीवरून आलेला,
इतका लाल की त्याचा मूळ रंग कोणता
हे येसो गावसालाही आठवेना,
आणि टेम्पो त्याचाच.

सुरुवात कोणी केली यावर नंतर वाद झाला.
मी म्हणतो, लव्हिनाने. शाळेचं दप्तर पोटाशी धरून
तिने मागच्या फाळक्यावर बोटाने एक वाकडी रेघ ओढली
आणि विसरून गेली.
रेघ राहिली तशीच, कोणाचीच नसलेली.
मग रुझारिनने मासळीची पाटी खाली ठेवली,
पदराला हात पुसला
आणि रेघेला एक डोळा दिला.
झालं. डोळा आला
की बघणारं कोणीतरी आलंच.

"हा शेवटो," रुझारिन म्हणाली.
"सुरुवातीलाच शेवटो?" फुलजेन्स पाववाला म्हणाला. "हा मोर."
सायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीला टेकून
त्याने माशाला पिसारा लावला.
पाच पिसं नीट आली, सहावं नंबरप्लेटवर चढलं.
"नंबर झाकू नको, पोलीस मला धरतील!"
येसो ओरडत खाली उतरला
आणि त्या पिसाला स्वतःच पाय काढले.
पिसाला पाय.
कोणी हरकत घेतली नाही.

मी भूमापन खात्यातला.
बावीस वर्षं लोकांच्या बांधांच्या रेघा ओढतो,
बिंदूपासून बिंदूपर्यंत, एकास हजार,
मिलिमीटरभर हलली तर भाऊ भावाला कोर्टात नेतो.
मी खिशातलं पेन काढलं.
"पेन नको," लव्हिना म्हणाली, "बोट काढा."
तर मी बोट काढली.
तिला म्हणायचं होतं ते बोट,
मी काढली ती फेरी.
सगळे हसले, मला कळलं उशिरा, तोवर
तिच्यात माणसं चढायला लागली होती:
छत्रीवाला म्हातारा, उलटी म्हैस,
तळवलीकरबाईंनी काढलेला नवरदेव, जो
बटाट्यासारखा दिसत होता म्हणून बटाटाच झाला,
मुंडावळ्यांसकट.
दोन पोरांनी सूर्य दोनदा काढला.
राहू दे, नदीला काठ दोन आहेत.

माझ्या बोटीचा तळ सरळ आला नाही.
टेम्पो हलला असेल.
मी पुसून पुन्हा काढणार होतो, पण पुसण्याच्या जागी
कोणीतरी तोवर लाटा केल्या होत्या.

इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ
पूर्ण वेळ हाताची घडी घालून लांब उभा.
फेरीचा भोंगा वाजला तसा लगबगीने आला,
इकडेतिकडे बघितलं,
म्हशीच्या वर एक ठिपका देऊन निघून गेला.
ठिपका कशाचा ते आम्ही विचारलं नाही.

पलीकडे येसोने गाडी चढावर घातली,
धूळ उठली, धुळीवर धूळ बसली,
वळणाला मोर दिसला, मग नुसता पिसारा,
मग झाडं.
रुझारिन म्हणाली, "माझी मासळी नरम पडली तुमच्यापायी,"
आणि मला चार बांगडे जरा स्वस्तात दिले.

दुपारी एका पडीक शेताची मोजणी होती.
टेप धरला, खुणा केल्या, आकडे मांडले.
संध्याकाळी साहेबांनी नकाशा उजेडाला धरला.
हद्दीच्या बाहेर, कोऱ्या जागेत, एक लाल डाग,
बोटाएवढा.
"हे काय?"
"शेवटो," मी म्हणालो.
मग जरा विचार करून,
"किंवा मोर."